काळं दिसणारं केंद्रक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. दोन्ही वेळा एकाच वाक्याशी अडले: ‘शांत पेशीत एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जात नाही.’ खाली तुझं छायाचित्र आहे: जनुकं चालू करणारं हे प्रथिन हिरव्या रंगात, म्हणून हिरवंगार पेशीद्रव आणि मधोमध केंद्रकाचा काळा गोल. छायाचित्र फार सुरेख आलंय. पण त्यातून एवढंच कळतं की त्या क्षणी आत फारसं प्रथिन नव्हतं. ‘जात नाही’ हे तू तुझ्या पदरचं घातलंस. मीही बरीच वर्षं वर्गात असंच सांगत आले, म्हणून जीव तोडून लिहितेय.

१९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना हे प्रथिन बी-पेशींच्या केंद्रकात सापडलं. मग १९८८ मध्ये बॉयर्ले आणि बाल्टिमोर यांनी न चेतवलेल्या पेशींच्या पेशीद्रवाच्या अर्कात डीऑक्सिकोलेट, म्हणजे पित्तातलं एक आम्ल, क्षाररूपात घातलं. जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे डीएनएला चिकटणारं प्रथिन हजर! ते होतंच, कुणीतरी धरून ठेवलेलं. त्या धरणाऱ्याचं नाव आय-कप्पा-बी. इतका साधा प्रयोग आणि इतकं मोठं उत्तर, मला अजून नवल वाटतं.

पण ‘धरून ठेवलेलं’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुलूप येतं, आणि तिथेच गल्लत होते. एनएफ-कप्पा-बी ही बहुधा पी६५ आणि पी५० या दोन प्रथिनांची जोडी. केंद्रकात शिरण्याची खूण दोघांकडेही असते. आय-कप्पा-बीचाच एक प्रकार, आय-कप्पा-बी-अल्फा, पी६५ची खूण झाकतो, पी५०ची उघडीच राहते. त्यामुळे हे त्रिकूट आत शिरतं. आय-कप्पा-बीवर बाहेर पडायची खूण असते, ती सीआरएम१ हे वाहक प्रथिन ओळखतं आणि सगळ्यांना परत बाहेर आणतं. ये-जा चालूच असते. बाहेर येणं जास्त वेगानं होतं, म्हणून तुझा गोल काळा.

आता हे स्वतः बघ. टीएनएफ, म्हणजे पेशींना चेतवणारं प्रथिन, न देता पेशींना लेप्टोमायसिन बी दे. त्यानं सीआरएम१ बंद पडतं. शेजारी नुसत्या द्रावकाची प्लेट ठेव. पी६५ केंद्रकात साचलेलं दिसेल. तेवढ्यानं हुरळून मात्र जाऊ नकोस: ते अजून आय-कप्पा-बीच्या मिठीतच असतं, त्यामुळे जनुकं चालू होत नाहीत. त्याची खात्री करायला आरएनएही मोज.

टीएनएफचा प्रयोग ० आणि ६० मिनिटांवरच केलायस, तिथे ५, १५ आणि ३० हवेतच. सेरीन ३२ आणि ३६ या अमिनो आम्लांवर फॉस्फेट लागलं की आय-कप्पा-बी काही मिनिटांत प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीच्या प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रात, नष्ट होतं. मग एनएफ-कप्पा-बी आय-कप्पा-बीचंच जनुक चालू करतं, आणि तासाभरात ब्लॉटवर, म्हणजे प्रथिन ओळखायच्या चाचणीत, त्याचा पट्टा परत येतो. नुसतं ६० बघणाऱ्याला वाटेल, काही घडलंच नाही.

लेप्टोमायसिनची कुपी उणे वीसच्या फ्रीजरमध्ये वरच्या कप्प्यात आहे. थोडंच उरलंय. आधी एकाच प्लेटवर करून बघ.

तुझी,
बाई