स्टेरॉइडआधी बोन मॅरोची तपासणी का करावी

आपला बोका सहा वर्षांचा आहे, हिरड्या पांढुरक्या पडल्या आहेत, तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी कमी आल्या आहेत आणि बोन मॅरोची, म्हणजे हाडांतील रक्तपेशी तयार करणाऱ्या मगजाची, सुईने तपासणी टाळून थेट प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते चालणार नाही, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. माझी मांजर स्टेरॉइडने चार दिवसांत जेवू लागली आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढे तब्येत पुन्हा ढासळल्यावर घेतलेल्या नमुन्यात मूळचे काय आणि औषधाने बदललेले काय, हे कोणालाच सांगता येईना. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग स्टेरॉइडने काही काळ दबतो आणि निदान हुकते.

आधी रक्ताची स्लाइड पॅथॉलॉजिस्टकडून डोळ्यांनी तपासून घ्यावी, कारण मांजरांच्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजते. सोबत फेलाइन ल्युकेमिया विषाणूची, म्हणजे मांजरांत रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया) घडवू शकणाऱ्या विषाणूची, चाचणी हवीच. मात्र ती निगेटिव्ह आली तरी विषाणू मॅरोत दडलेला असू शकतो, म्हणून मॅरोच्या नमुन्याची पीसीआर (विषाणूचे जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करता येईल का, हे विचारावे.

मॅरो भूल देऊन बहुधा दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकातून किंवा कमरेच्या हाडातून काढतात. तो पाहता पाहता गोठतो, त्यामुळे स्लाइड टेबलाशेजारीच बनवाव्या लागतात. बायोप्सीच्या तुकड्याची फॉर्मेलिनची (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाची) बाटली आणि या स्लाइड एका डब्यात पाठवू देऊ नका, फॉर्मेलिनच्या वाफेने पेशींचे रंग बिघडतात. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करून बघावी.

उपचार निदानावर ठरतो. मल्टिपल मायलोमात, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात, ज्यात रक्तातील ग्लोब्युलिन हे प्रथिन बहुधा बेसुमार वाढलेले असते, मेल्फॅलान हे केमोचे (कर्करोगाचे) औषध आणि प्रेडनिसोलोन देतात, पण मेल्फॅलान मॅरोलाही दाबते, म्हणून रक्त वारंवार तपासावे लागते. दीर्घकालीन लिम्फोसाइटिक ल्युकेमियात क्लोरॅम्ब्युसिल या केमोच्या औषधावर आणि प्रेडनिसोलोनवर कित्येक मांजरे वर्षभर किंवा त्याहून अधिक बरी राहतात. तीव्र ल्युकेमियात मात्र केमोचा प्रतिसाद कमकुवत असतो. तिथे खोटी आशा मी देणार नाही. केमोच्या या गोळ्या फोडू नयेत, हातमोजे घालूनच द्याव्यात आणि मांजराच्या शौचपेटीतील (लिटर बॉक्स) घाणही हातमोज्यांनीच काढावी.

हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर भूल देण्याआधी रक्त चढवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. त्यापूर्वी रक्तगट आणि क्रॉसमॅच (दोन्ही रक्ते एकमेकांशी जुळतात का याची चाचणी) पाहणे अत्यावश्यक आहे, कारण बी गटाच्या मांजराला ए गटाचे थोडे रक्तही जिवावर बेतू शकते.