मला क्रिकेट फारसं कळत नाही, मग इतकं रडू का येतंय?

नोव्हेंबर २०२३. अहमदाबादचा विश्वचषक अंतिम सामना आपण ऑस्ट्रेलियाकडून हरलो, त्याच आठवड्यात पन्नाशीच्या एक ताई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कामात लक्ष लागत नव्हतं, मधूनच डोळे भरून येत होते. हरल्याच्या दुःखापेक्षा त्यांना या रडण्याचीच लाज वाटत होती. घरात ऐकावं लागलं होतं, "तुला एलबीडब्ल्यू तरी कळतं का?"

मोठ्या पराभवानंतर हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेकदा नेमाने क्रिकेट बघणारे नसतात. नेमाने बघणाऱ्यांनी २००३ च्या विश्वचषकातली जोहान्सबर्गची अंतिम सामन्यातली हार पचवलेली असते, २०१९ च्या उपांत्य सामन्यातला धोनीचा रनआउटही. आणि त्यांना पुढचा सामना असतो. तेव्हासुद्धा चारच दिवसांनी विशाखापट्टणमला ऑस्ट्रेलियाविरुद्ध टी-२० होती आणि ती आपण जिंकलो. कधीमधी बघणाऱ्याच्या वाट्याला मात्र तेवढा एकच रविवार येतो. ओळीने दहा विजय झालेले, आज जल्लोषच करायचा म्हणून सगळे जमलेले, आणि ऑस्ट्रेलियाचा ट्रॅव्हिस हेड १३७ धावा करून जातो. वर आपल्याला वाईट वाटायचा हक्क तरी आहे का, ही शंका.

समाज ज्या दुःखाला दुःख मानत नाही, त्याबद्दल केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये सविस्तर मांडणी केली. विषय अर्थातच फार गंभीर वियोगांचा होता, सामन्यातली हार त्या तोडीची नाही. पण "एवढ्यासाठी काय रडायचं" असं ऐकून माणूस गप्प बसतो, ते दोन्हीकडे सारखंच.

मी ताईंना धावसंख्या विचारली नाही. सामने कोणाबरोबर बघितलेत, एवढंच विचारलं. मग त्या बोलतच राहिल्या. मुलगा पहिल्यांदाच शिकायला परगावी गेलेला. एरवी फोनवर "जेवलास का"च्या पुढे बोलणं सरकायचं नाही. विश्वचषक सुरू झाला आणि तो दर सामन्याला व्हिडिओ कॉल करून समजावू लागला. गोलंदाज शमीला सुरुवातीला संघाबाहेर का बसवलं होतं, हे त्यांनी मला अगदी तपशिलात सांगितलं! लक्ष्मीपूजनाला तो घरी येऊ शकला नाही, पण नेदरलँड्सचा सामना दोघांनी कॉलवर बघितला. वानखेडेवर कोहलीचं पन्नासावं एकदिवसीय शतक झालं, तेव्हा दोघं एकदमच ओरडली. अंतिम सामना संपल्यावर त्याने काही न बोलता कॉल बंद केला, आणि नंतर फोन केलाच नव्हता.

चषकाबरोबर त्यांचं रोजचं बोलणंही गेलं होतं. हे सांगता सांगता त्यांच्याच लक्षात आलं. मी एवढंच सुचवलं की त्याच्या फोनची वाट बघू नका, तुम्हीच करा, आणि "मला फार वाईट वाटलं" असं सरळ सांगा. त्यांनी त्याच रात्री केला. तोही मेसच्या जेवणावर रुसून बसला होता. दोघांनी हेडने घेतलेला रोहितचा तो झेल, कमिन्सने उडवलेला कोहलीचा त्रिफळा, सगळं पुन्हा बोलून घेतलं. हल्ली ती दोघं महिलांचे सामनेही बघतात.

अशी उदासी बहुधा काही दिवसांत ओसरते. तोवर त्याच क्लिप पुन्हा पुन्हा बघू नका, आणि ज्याच्याबरोबर सामना बघितला त्याच्याशी बोला. पण दोन आठवडे होऊनही झोप-भूक बिघडलेलीच असेल, घरच्यांवर हात उगारला जात असेल, दारू वाढली असेल किंवा सट्ट्यात पैसे गेले असतील, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तिथे क्रिकेट किती कळतं, हे कोणी विचारणार नाही.