क्लॅम आणि कोरलसाठी लाइट किती वॅटचा घ्यावा?

तुमचा टँक तीन फुटी आहे, त्यात एक क्लॅम (मोठ्या शिंपल्यासारखा जीव) आणि थोडी कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायची आहेत, तर किती वॅटचा लाइट घेऊ, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावात शहापूरला राहतो, घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे. माझं ऐकाल तर वॅट बघूच नका. वॅटवरून वीज किती जळते ते कळतं. क्लॅमच्या अंगावर उजेड किती पडतो, ते नाही.

या जिवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यावर हे पोसतात. शैवालाला अन्न करायला उपयोगी पडणारा हा प्रकाश ‘पार’ (PAR) या मापात मोजतात. झोअँथिड, मशरूम या मऊ अंगाच्या जिवांना साधारण 50 ते 150 पुरतो, अ‍ॅक्रोपोरासारख्या टणक कोरलला 250 ते 350 लागतो. क्लॅममध्ये क्रोसिया आणि मॅक्सिमा सगळ्यांत जास्त मागतात. डेरासा त्या मानाने कमी उजेडावर तगतो, पण वाढून फूट-दीड फुटाचा होतो, तेवढी जागा आधीच धरा. मोबाइलच्या लक्स अ‍ॅपवर जाऊ नका, निळा प्रकाश त्यात फार कमी दिसतो. कुणा ओळखीच्याकडे पार मीटर असेल तर एक दिवस मागून आणा आणि क्लॅम जिथे बसणार, नेमकं तिथलं माप घ्या.

मी पहिल्यांदा एकच मोठा एलईडी मधोमध टांगला होता. आठवड्याभरात वरच्या दगडावरची झोअँथिड मिटून बसली आणि कोपऱ्यातली त्याच जातीची झोअँथिड देठ लांबवून उजेडाकडे वाकली. टँक एक, लाइट एक, पण एकीला सोसवेना आणि दुसरीला पुरेना! म्हणून तीन फुटांना दोन मध्यम लाइट घ्या, उजेड सारखा पसरतो. तीव्रता सुरुवातीला 40 टक्क्यांवर ठेवा आणि दर आठवड्याला पाचेक टक्के वाढवा. घाईने वाढवलात तर कोरल पांढरी पडतात. दिवसाला आठ-नऊ तास लाइट पुरे.

मेटल हॅलाइड या खूप तापणाऱ्या दिव्याचा उजेड सुंदर असतो, पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडेही पाणी तापतं, ते 25-26 अंशांवर ठेवताना जीव मेटाकुटीला येतो. एलईडीच घ्या. करंट गेला तर इन्व्हर्टरवर लाइट नको, पंप ठेवा. चार तास अंधार झाला तरी कोरलचं काही बिघडत नाही, पाणी थांबलं तर मात्र ऑक्सिजन संपतो.

आणखी एक, हे मी कळकळीने सांगतो. मॅक्सिमा आणि स्क्वामोसा हे क्लॅम आणि टणक कोरल यांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षण आहे. समुद्रातून काढून आणलेलं काहीही घेऊ नका, विक्रेत्याकडे कागद नसतील तर सरळ परत फिरा.

क्लॅम निवडताना वरून हात फिरवून बघा. त्याच्या मांसल कडेवर शेकडो बारीक डोळे असतात, सावली पडताच तो झटकन अंग आत ओढून घेतो. हात दोनदा फिरवूनही तो तसाच पसरून राहिला, तर तो अशक्त आहे. घेऊ नका, कितीही चांगला लाइट लावलात तरी तो सावरणं कठीण.