पोराच्या खिशात वेप मिळाला

पेडण्याहून एका आईने लिहिलंय: "ताई, मुलगा अकरावीला आहे. कपडे धुवायला काढले तर पॅन्टच्या खिशात पेनड्राइव्हसारखं काहीतरी मिळालं, आंब्याचा वास येत होता. म्हणतो ह्यात तंबाखू नाही, नुसता फ्लेवर, सगळेच ओढतात. गणेश चवथीपासून भयंकर चिडचिडा झालाय. हे म्हणतात संगत वाईट, दोन ठेवून द्या. हे स्वतः रोज जेवणानंतर बाल्कनीत सिगारेट ओढतात. काय करू?"

बाये, मारू नका त्याला. मार खाऊन वेप, म्हणजे ही ई-सिगारेट, सुटत नाही, लपवायची जागा तेवढी बदलते.

आणि तो खोटं बोलतोय असंही धरू नकोस, त्याला कोणीतरी तसं सांगितलंय. तंबाखूचं पान नसतं त्यात, पण बहुतेक वेपमध्ये निकोटीन असतंच, आणि गोड चवीमुळे सिगारेटसारखा घसा धरत नाही म्हणून पोरं पहिल्या झुरक्याला थांबत नाहीत. काही सेकंदांत ते मेंदूत पोचतं, आणि मेंदूची वाढ साधारण 25 वर्षांपर्यंत चालू असते ना, म्हणून ह्या वयात सवय पटकन लागते, रोज न ओढताही लागू शकते.

चिडचिड त्यातलीच असू शकते. निकोटीन उतरलं की जीव कासावीस होतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, परत ओढलं की बरं वाटतं, मग पोराला वाटतं टेन्शन ह्यानेच जातं, पण त्यातलं बरंचसं टेन्शन आणलेलंही ह्यानेच. शांतपणे विचार, सकाळी उठल्यावर किती वेळाने लागतं? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय मुरलीय.

आता तुझ्या मिस्टरांचं. संगतीने फरक पडतो, खूप पडतो, पण घरात मोठं माणूस ओढत असेल तर मुलं त्या वाटेला जायची शक्यता वाढतेच. तो लहानपणापासून बघतोय, पप्पा दमले की सिगारेट. दोष देत नाहीये मी, त्यांनाही ती कोवळ्या वयातच लागली असेल. पण बापाने "मलाही जड जातंय रे, आपण दोघं मिळून सोडूया" म्हटलं तर पोरगा ऐकेल, नुसत्या लेक्चरने नाही ऐकणार.

वेप विकायला 2019 पासून देशभर बंदी आहे, 18 च्या खालच्यांना सिगारेट विकणंही गुन्हा आहे, तरी पोरांच्या हातात हे पडतंच, फार राग येतो मला. कुठून आणलं ते विचार, पण पहिल्याच दिवशी नको, तो तोंड मिटून बसेल.

1800-11-2356 वर तंबाखू सोडण्यासाठी फुकट सल्ला मिळतो, बापलेक दोघांनीही फोन करावा. बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार इस्पितळात, व्यसनावर उपचार होतात, तिथे गेलं म्हणजे वेड लागलं असं काही नसतं. निकोटीनचं च्युइंगम मेडिकलमधून स्वतः आणून देऊ नकोस, आधी डॉक्टरांना विचार. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात, मग काही आठवड्यांत ओढ कमी होत जाते, तेव्हा युनिट टेस्ट तोंडावर असेल तर ती होऊ दे आणि मग सुरुवात करा.