मिरजेच्या ताईंना, उशिरा दिलेलं उत्तर

तुम्ही लिहिलंत, "नर्स म्हणून इंग्लंडला निघालेय. 17 वर्षांचा गतिमंद मुलगा आधी आईकडे ठेवीन, मग नेईन. तिथे अशा मुलांना दुसऱ्याच्या घरी सांभाळतात म्हणे, खरं का?"

खरं आहे. माझा लेक तसाच राहतो. वीस वर्षांचा आहे, शनिवारी घरी येतो.

व्हिसाचं तुम्ही वाचलं असेलच. फक्त 18 पूर्ण व्हायच्या आत त्याचा अर्ज जाऊ दे. आणि व्हिसावर असेपर्यंत अपंगत्वाचा भत्ता, घरभाड्याची मदत, काही मिळत नाही. आम्ही ती वर्षं पदरमोड करून काढली.

योजनेचं नाव शेअर्ड लाइव्ह्ज. एखादं कुटुंब आपल्या घरात जास्तीत जास्त तिघांना सांभाळतं, त्याचे पैसे घेतं. केअर क्वालिटी कमिशन, म्हणजे इंग्लंडमधल्या आरोग्य आणि सांभाळसेवांवर देखरेख ठेवणारी संस्था, नोंदणी आणि तपासणी करते ती कुटुंबं निवडणाऱ्या संस्थेची, त्या घराची नव्हे. मला आधी ही पळवाटच वाटली. पण केअर होमचे नियम लावले असते, तर लेकाला स्वयंपाकघरात कुणी फिरकू दिलं असतं? आता तिथे बटाटे सोलतो.

इथल्या शाळेचा राग मात्र अजून गेलेला नाही. त्याच्या कागदात लिहिलं, ‘सुमारे 40 शब्द बोलतो.’ अहो, इंग्रजी 40! मराठीत तो वहिनीशी कडाकडा भांडायचा. तीन पत्रं लिहिली, ओळ तशीच.

परदेशातला एकटेपणा? असतो. चालायचंच.

त्या कुटुंबाच्या मंजुरीला कित्येक महिने लागले. पोलिसांचा दाखला, घरात कोण येतं-जातं, कुत्रा चावरा आहे का, मग पॅनेलपुढे मुलाखत. मला सारखं सांगलीतलं शामरावनगर, वहिनीचं घर, आठवत होतं. आम्ही पुढे आलो तेव्हा लेक 14 महिने वहिनीकडे होता. 2019 च्या ऑगस्टात पुराचं पाणी घरात शिरलं. तेरा वर्षांच्या त्या दांडग्या पोराला तिनं एकटीनं जिना चढवला, दुसऱ्या दिवशी बोटीत बसवलं. घाबरून तो तिच्या हाताला कडाडून चावला. तिला कुणी पैसे दिले नाहीत, जमेल का म्हणून विचारलंही नाही. कुणी म्हणजे मीच. घरचीच आहे म्हणून पोर ठेवलं आणि विमानात बसले.

इथे संस्थेची बाई दर भेटीत त्या घरातल्या बाईला विचारते, तुम्हाला विश्रांती मिळते ना?

वहिनीची पाठ आता कामातून गेलीय. तुमच्या आईंचं वय काय?