खिडकीतलं ब्रोमेलियाड आणि अंगणातला ओक: दोन्ही झाडंच, मग एक परत फुटतं आणि दुसरं का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत नव्या घरी आलात, मागच्या अंगणात मोठा ओक आहे आणि गृहप्रवेशाला कुणीतरी चंदेरी पट्ट्यांच्या पानांचं, गुलाबी फुलाचं ब्रोमेलियाड दिलं. ओक नोव्हेंबरात उघडाबोडका झाला तरी शेजारी निर्धास्त आहेत, ‘एप्रिलात येतील पानं’ म्हणतात. ब्रोमेलियाडचं फूल मात्र तपकिरी पडायला लागलंय. तेही असंच परत येईल का?

नाही येणार. त्या रोपाला आयुष्यात एकदाच फूल येतं. पण म्हणून ते कचऱ्यात टाकू नका. मी टाकलं होतं, आणि पिशवीची गाठ मारताना बुंध्याशी दोन हिरवी टोकं दिसली होती. मला वाटलं, तण असेल.

तुम्ही वर्णन केलंय ते बहुधा एक्मिया फॅसियाटा, मूळचं ब्राझीलचं. न्यू जर्सीत आमच्याकडे तेच आहे आणि मागे पांढरा ओक आहे, म्हणजे तुमचीच जोडी. (आमच्याकडचे पाहुणे ‘ओक म्हणजे पुण्याचे का?’ हा विनोद दरवेळी करतात. आणि आपल्याकडे रस्त्याकडेला लावतात तो सिल्व्हर ओक हा ओक नव्हेच, तो ऑस्ट्रेलियातून आलेला वेगळ्याच कुळातला वृक्ष.)

ब्रोमेलियाड समजून घ्यायला केळ आठवा. केळीला एकदा घड लागला की त्या खुंटाचं काम संपलं, पुढचं बुंध्याशी फुटलेले मुनवे बघतात. एक्मियाचंही तसंच. फूल ओसरल्यावर आईचं रोप लगेच मरत नाही, कित्येक महिने हळूहळू वाळत जातं आणि तेवढ्यात बाजूच्या पिल्लांना पोसतं. ओकची तऱ्हा उलटी. तो दरवर्षी पानं टाकतो, पण खोड, मुळं आणि कळ्या राखून ठेवतो. पानं गळण्याआधी त्यांतला नायट्रोजन वगैरे कामाचा ऐवज परत ओढून घेतो, मग देठाशी पेशींचा एक थर तयार करून पान सोडून देतो. आत्ता जाऊन एखादी फांदी जवळून बघा, टोकाशी तपकिरी खवल्यांच्या कळ्या घट्ट बसलेल्या दिसतील. एप्रिलची पानं त्यांच्यात आधीच घडी घालून ठेवलेली आहेत.

आपला सागही पानं झाडतो, पण तो उन्हाळ्यातल्या पाणीटंचाईमुळे. ओकलाही एका अर्थी टंचाईच असते, जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही. अशा वेळी हजारो पानं पोसणं आतबट्ट्याचं. एरवी त्याचा खर्च अफाट असतो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या अंदाजाने मोठा ओक वर्षाला सुमारे दीड लाख लिटर पाणी पानांवाटे हवेत सोडतो. माझं एक्मिया आठवड्याला चहाच्या दोन कपांत भागवतं.

ते कसं, हा या झाडाचा सगळ्यात मजेदार भाग. पानं एकमेकांना इतकी घट्ट बिलगलेली असतात की मधे पेला तयार होतो. मूळच्या जंगलात हे रोप बरेचदा झाडाच्या फांदीवर बसलेलं असतं, आपल्याकडे आंब्यावर सीतेची वेणी बसते तसं. बांडगूळ नव्हे, ते यजमानाच्या खोडात काही खुपसत नाही. मुळं मुख्यतः धरून राहायला, आणि पाणी व खाद्य पानं पितात, पेल्यातून. पानांवरची चंदेरी पावडर म्हणजे धूळ नाही, पाणी टिपणारे बारीक खवले आहेत. माझी आई इथे आली होती तेव्हा तिने ‘किती दिवस पुसलं नाहीस’ म्हणत ओल्या फडक्याने दोन पानं लख्ख करून दिली. त्या पानांवरचे पट्टे कायमचे गेले.

एक्मिया श्वासाच्या बाबतीतही चिक्कू आहे. ओकची पानं दिवसा रंध्रं उघडी ठेवून कार्बन डायऑक्साइड घेतात, त्यात पाणी उडून जातं. एक्मिया रात्री गारव्यात रंध्रं उघडतं, वायू आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा दारं बंद करून त्या साठ्यावर स्वयंपाक करतं. यावरूनच ‘हे झाड रात्री ऑक्सिजन सोडतं, बेडरूममध्ये ठेवा’ असे संदेश फिरतात. त्यांत तथ्य नाही. रात्री ते वायू आत घेतं एवढंच, ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच.

नात्याने दोघं कुठले कुठे आहेत. ओक द्विदल, लाकूडवाला. ब्रोमेलियाड एकदल, आणि त्याचं कुळ गवताच्याच गणातलं, म्हणजे त्याला ओकपेक्षा ज्वारी आणि ऊस जवळचे. ब्रोमेलियाड कधी पाहिलं नव्हतं असं तुम्ही लिहिलंय, पण खाल्लं नक्की असेल. अननस त्याच कुळातला. फळ आणि नाव, दोन्ही आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर दक्षिण अमेरिकेतून आलं.

वयाबद्दल विचारलंत. एक्मियाला वलयंच नाहीत, कारण लाकूडच नाही. ओक दरवर्षी एक वलय घालतो. इथे बास्किंग रिजच्या चर्चच्या आवारात एक पांढरा ओक होता, वय साधारण 600 वर्षं मानलं जायचं. 2016 साली त्याला पालवीच धड फुटली नाही, तो मेल्याचं जाहीर झालं आणि 2017 मध्ये तोडला. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म झाला तेव्हाच त्याचं वय दोनशेच्या वर होतं.

आता माझी दुसरी चूक, ही तुम्ही करू नका. एका सप्टेंबरात मी एक्मियाची कुंडी ओकखाली ठेवली, म्हटलं जंगलात झाडाच्या सावलीतच असतं ना. दोन आठवडे छान गेले. पेल्यात ओकची दोन-तीन पानं पडली आणि पाणी कोऱ्या चहासारखं झालं. ओकच्या पानांत टॅनिन भरपूर, त्याचा तो रंग. जंगलात याच कुजलेल्या पाचोळ्यावर ही रोपं जगतात, त्यांच्या पेल्यांत काही बेडूक आपली पिल्लं वाढवतात. माझ्या पेल्यात डासांच्या अळ्या निघाल्या. पुण्यात महापालिकेचे लोक कुंड्यांखालच्या ताटल्या तपासायला यायचे ते आठवलं आणि कुंडी तिथेच उलटी केली. ऑक्टोबरात एका रात्री पारा शून्याखाली उतरला, सकाळी पानं काळपट, शिजवलेल्या पालकासारखी. ओक तसाच उभा. एक्मियाला 10 अंशांखाली थंडी सोसत नाही.

ओक आणि ब्रोमेलियाड एकत्र सुखाने नांदताना बघायचे असतील तर जॉर्जियातल्या सव्हानाला जा. तिथल्या ओकांवरून करड्या जटा लोंबतात. त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते शेवाळ नाही आणि स्पॅनिशही नाही, तेही ब्रोमेलियाडच. पेला नाही, वाढल्यावर मुळंही नाहीत, नुसत्या खवल्यांनी हवेतला ओलावा पितं. पूर्वी तेच वाळवून गाद्यांत आणि मोटारींच्या सीटमध्ये भरायचे. मात्र तिथला ओक पानझडी नाही, हिवाळ्यातही हिरवा असतो.

तर आत्ता काय करायचं. ओकला काही नको. पानं गोळा केलीत तर फेकू नका, वाफ्यांवर पसरा. एक्मियाचा वाळलेला दांडा शक्य तितका खालून कापा, पानांना हात लावू नका. पेल्यात बोटभर पाणी ठेवा, आठवड्याने कुंडी तिरपी करून जुनं ओता आणि ताजं भरा. माती तुळशीसारखी रोज भिजवू नका, बुंधा कुजतो. पिल्लू आईच्या निम्म्या उंचीचं झालं की धारदार सुरीने मुळांसकट वेगळं करा, भुसभुशीत मिश्रणात लावा आणि खिडकीत भरपूर पण थेट नसलेला उजेड द्या.

दोनेक वर्षांत रोप भरलं आणि तरी फुलायचं नाव घेईना, तर पेला रिकामा करून कुंडी एका पिकलेल्या सफरचंदासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत आठ-दहा दिवस बांधून ठेवा. पिकत्या फळातून निघणारा इथिलीन वायू त्याला फुलायला लावतो. फूल दिसायला पुढे दोन-तीन महिने लागतात. आमच्याकडे मागच्या वर्षी जमलं. गुलाबी भाग हे खरं फूल नव्हे, बोगनवेलीसारखीच ती रंगीत पानं. खरी फुलं त्यांच्या बेचक्यात, गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, निळी-जांभळी, आणि एक-दोन दिवसांत लाल पडून मिटतात. तुमच्याकडची बहुधा बघायची राहून गेली. पुढच्या वेळी चष्मा लावून बसा.