दोन एकर भाजीसाठी सेंद्रिय प्रमाणपत्र : पीजीएस गट करावा की एजंट गाठावा?

तुमचं दोन एकर भाजीचं रान, विक्री आठवडे बाजारात आणि शहरातल्या ओळखीच्या घरांत, आणि एजंट प्रमाणपत्राचे तीस हजार मागतोय. गटाचं पीजीएस प्रमाणपत्र, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासून दिलेलं, चालेल का, असं विचारलंय. चालेल. माल परदेशी पाठवायचा नसेल तर एजंटाच्या नादी लागूच नका. निर्यातीला अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) देखरेखीतलं एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं, प्रमाणपत्र लागतं. तिथे बाहेरची संस्था तपासायला येते आणि तिचे पैसे मोजावे लागतात. पीजीएसमध्ये किमान पाच शेतकरी गट करतात, शपथ घेतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. गटाच्या निर्णयावर प्रादेशिक परिषद शिक्का मारते. सरकारी नोंदणीला शुल्क नाही.

पण पाच सह्या जमवल्या म्हणजे गट झाला असं समजू नका. आमच्यात सात जण. दुसऱ्या वर्षी आम्ही तिघं एकाच्या रानात तपासणीला गेलो. मेथी, वांगी, दोडका, सगळं चोख. जीवामृताचा पिंपही भरलेला. निघता निघता गोठ्यामागे ताडपत्री दिसली, तिच्याखाली युरियाचं अर्धं पोतं. "अहो, ते जनावरांच्या मक्याला. भाजीला दाणासुद्धा नाही." खरंही असेल, पण निम्मं रान सेंद्रिय आणि निम्मं रासायनिक हा कारभार इथे कायम चालत नाही. त्यात तो गटप्रमुखाचा सख्खा मावसभाऊ. रात्री पारावर बसलो, कुणी तोंड उघडेना. शेवटी पत्रकात "युरिया, अर्धं पोतं" हे गटप्रमुखानेच स्वतःच्या हाताने लिहिलं. त्या वर्षी भावाला प्रमाणपत्र नाही. दिवाळीपर्यंत तो आमच्याशी बोलला नाही, तरी गटात राहिला.

असं लिहू शकणारी माणसं गावात असतील तरच गट करा. तू माझं तपास, मी तुझं, अशा जोड्या लावू नका. आम्ही तपासणीला एखादं गिऱ्हाईकही सोबत नेतो. एका ताईंनी दशपर्णीच्या (दहा झाडपाल्यांच्या कुजवलेल्या अर्काच्या) पिंपाचं झाकण उघडलं आणि नाक धरून बांधावर पळाल्या. पुढच्या आठवड्यापासून भावात घासाघीस बंद!

लगेच 'सेंद्रिय' शिक्का मिळत नाही हेही धरून चाला. आधी 'पीजीएस ग्रीन', म्हणजे रूपांतराचा काळ; हंगामी पिकांना साधारण 24 महिने, फळबागेला 36. तोवर गिऱ्हाइकाला तसंच सांगा. 2017 च्या अन्नसुरक्षा नियमांत थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला सूट आहे, पण 'जैविक भारत' हे सेंद्रिय मालावरचं सरकारी चिन्ह हवं तर प्रमाणपत्र लागतंच.

एजंट सांगणार नाही अशा दोन गोष्टी. शेजाऱ्याचा फवारणी पंप उसना आणू नका, स्वतःचा घ्या. आणि वरच्या रानाचं पाणी तुमच्यात उतरत असेल तर नोंदणीआधी बांधाला चर काढून घ्या. आमच्यातले दोघं तपासणीत तिथेच अडकले होते.